कडी काढण्याचं बळ

मराठी घरात एखादी कविता भिंतीवर लागलेली असलीच, तर ती बहुधा कुसुमाग्रजांची ‘कणा’ असते. पूर्ण कविता क्वचितच. तिची शेवटची ओळ तेवढी. रायपूरची चौबे कॉलोनीही याला अपवाद नाही. इथे महाराष्ट्र मंडळाची वास्तू आहे आणि आजूबाजूच्या मराठी घरांतून ‘तो येऊन राहिला’, ‘ती जेवून राहिली’ अशी नागपूरकडची मराठी अजून कानावर पडते. दहावीच्या मुलांचा सत्कार असो, कुणाच्या निवृत्तीचा कार्यक्रम असो, नाहीतर ऑपरेशन होऊन घरी आलेल्या काकांची विचारपूस असो, ती ओळ हमखास हजर असते. म्हणणारा आवाज चढवतो, ऐकणारा पाठ ताठ करतो, टाळ्या पडतात.

कवितेत घडतं ते असं: पुरात घर गेलेला एक जुना विद्यार्थी पावसात भिजून सरांकडे येतो. काय काय गेलं ते सांगतो. सरांचा हात खिशाकडे वळतो तेव्हा तो पैसे नकोत म्हणतो. त्याला पाठीवर हात हवा असतो. त्यानं पैसे नाकारले हे आपण पक्कं लक्षात ठेवलं. तो मागायला आला होता, हे मात्र सोयीनं विसरलो. माणूस खंबीर आहेच, पण तो खंबीर माणूस ओल्या कपड्यांनी दुसऱ्याच्या दारात उभा आहे. भिंतीवर लावलेल्या ओळीतून नेमकं ते दार गळून गेलं.

भावकवितेबद्दल आपल्याकडे दोन समज घट्ट बसले आहेत. दुःखाची कविता म्हणजे रड, ती एकट्यानं, दिवे मालवल्यावर वाचायची. बळ देणारी कविता म्हणजे छाती पुढे काढून म्हणायची गोष्ट, ती माईकवरून म्हणायची. जणू माणसाची दुर्बळता एका स्टेशनावर आणि त्याचं बळ पुढच्या स्टेशनावर. मधला प्रवास केला की पहिलं मागे पडलं. मला हा हिशेबच चुकीचा वाटतो. चांगल्या भावकवितेत ही दोन्ही एकाच ओळीत, एकाच श्वासात असतात. माणसानं आपलं तुटलेपण नेमकं सांगितलं, मापात सांगितलं आणि कुणाला तरी उद्देशून सांगितलं, की या सांगण्यातच त्याचं बळ खर्ची पडलेलं असतं आणि दिसतही असतं. दार लावून घेणं सगळ्यांना जमतं. आतून कडी काढायला ताकद लागते.

हे नवं नाही; रोज संध्याकाळी देवापुढे दिवा लावणाऱ्या घरांना ते पाठ आहे. समर्थ रामदासांचं नाव घेतलं की मारुती, बलोपासना, व्यायाम, मनाचे श्लोक हे सगळं डोळ्यांपुढे येतं. याच माणसानं करुणाष्टकं लिहिली. त्यांत तो रामाला सांगतो की पश्चात्तापानं आत होरपळ होते आहे, मन काही केल्या जागेवर राहत नाही, आयुष्य फुकट चाललं आहे आणि तुझ्याशिवाय मला कुणी नाही. आजी भीमरूपी म्हणायची आणि त्याच बैठकीत करुणाष्टकंही म्हणायची. मारुतीचं शेपूट आभाळाला भिडल्यावर लगेच हे रडगाणं कशाला, असं तिला कधी वाटलं नाही. विसंगती नंतरच्या शिकलेल्यांना दिसली.

करुणाष्टकांतला सर्वांत प्रसिद्ध भाग मालिनी वृत्तात आहे. ओळीत पंधरा अक्षरं. पहिली सहाच्या सहा लघू, म्हणजे जीभ धावत सुटते. मग एकापाठोपाठ दोन गुरू आले की आठव्या अक्षराशी यती, तिथे दम घ्यायचा. आणि पुढची सात अक्षरं बहुतांश गुरूंची, पाय ओढत चालणारी. मोठ्यानं म्हणून पाहिलं तर कळतं की ही ओळ घाईघाईनं सांगायला लागते आणि मध्येच जड होते. रडवेल्या माणसाच्या बोलण्याचीही चाल अशीच असते. फरक एवढाच की रडवेला माणूस अक्षरं मोजत नाही. इथे मोजली आहेत, एकेक लघू आणि एकेक गुरू जागच्या जागी बसवला आहे. आपण हतबल आहोत असं सांगणाऱ्या माणसाची पकड ओळीवर इतकी पक्की असते, तेव्हा त्याचं बळ शोधायला दुसरीकडे जावं लागत नाही. ते वृत्तात आहे. हतबलता खरी आहे आणि पकडही खरी आहे.

रामदासांच्या या दुहेरी वारशाचा एक दाखला रायपूरच्याच इतिहासात आहे. माधवराव सप्रे (१८७१–१९२६) मराठी घरातले, पण हिंदी पत्रकारितेचे एक आद्य पुरुष. १९०० साली त्यांनी पेंड्र्याहून ‘छत्तीसगढ मित्र’ हे मासिक सुरू केलं. पुढे नागपुरातून टिळकांच्या विचारांचं ‘हिंदी केसरी’ चालवलं. १९०८ साली टिळकांना सहा वर्षांची शिक्षा होऊन मंडालेला नेलं गेलं. त्याच वर्षी सप्रेंनाही राजद्रोहाच्या आरोपाखाली अटक झाली. ते माफी मागून सुटले. त्या काळात या एका शब्दाची किंमत काय होती, हे सांगायला नको. कालपर्यंत खांद्याला खांदा लावणारे लोक तोंड फिरवू लागले, आणि त्याहून वाईट म्हणजे माणूस स्वतःच्याच नजरेतून उतरला. सप्रे सार्वजनिक जीवनातून बाजूला झाले आणि समर्थ संप्रदायाच्या सावलीत राहून त्यांनी दासबोध धरला. पुढे दासबोध हिंदीत आला तो त्यांच्या हातून. टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेलं ‘गीतारहस्य’ हिंदीत आणण्याचं कामही त्यांनीच केलं.

सप्रे कवी नव्हते आणि दासबोध भावकविता नव्हे, हे मान्य. पण जो तुरुंगवास आपल्याला झेपला नाही, तोच भोगताना दुसऱ्यानं लिहिलेला ग्रंथ शब्द न् शब्द आपल्या हातानं उतरवायचा, याला मनाची कोणती घडण लागत असेल? त्या प्रत्येक पानावर त्यांना आपली माफी आठवली असणार. त्यांनी ती पुसली नाही, तिच्यावर पराक्रमाचं दुसरं पान चिकटवलं नाही. तिच्या शेजारी बसून काम केलं. खचलेल्या माणसाचं बळ बहुधा असंच असतं. पुतळा उभारावा असं त्यात काही नसतं.

दाराकडे परत येऊ. मराठी कवितेतलं सर्वांत जुनं बंद दार ज्ञानेश्वरांच्या झोपडीचं. कथा सर्वांना ठाऊक आहे. संन्याशाची पोरं म्हणून आळंदीनं वाळीत टाकलेली चार भावंडं, आईवडिलांनी देहान्त प्रायश्चित्त घेतलेलं. एके दिवशी कुणीतरी वर्मी लागेल असं बोललं, आणि ज्ञानेश्वर झोपडीची ताटी लावून आत बसले. बाहेर मुक्ताबाई, चौघांत धाकटी. तिचे ताटीचे अभंग म्हणजे त्या बंद दारासमोर उभं राहून केलेलं बोलणं.

या अभंगांकडे आपण उपदेश म्हणून पाहतो: संतानं राग गिळावा, जगाचे अपराध पोटात घालावेत वगैरे. तसा उपदेश त्यांत आहेच. पण तो कोण करतंय? जिला तेच शब्द ऐकावे लागले आहेत, जिचे आईबाप तेच गेले आहेत, जिला घरात सर्वांत कमी वर्षं आईची कूस मिळाली आहे, ती. तिला दुखापत झालेली नाही म्हणून ती समजूत काढते आहे, असं नाही. दोघांची जखम एकच आहे. एक ती घेऊन आत बसला आहे आणि दुसरी तीच जखम घेऊन दाराशी उभी आहे. आणि जो आत बसला आहे तो ज्ञानेश्वर आहे! परंपरेनं हे लपवलं नाही, ही केवढी मोठी गोष्ट. माऊलीलाही एकदा लागलं होतं, माऊलीनंही एकदा दार लावून घेतलं होतं, आणि ते उघडायला धाकट्या बहिणीची हाक लागली होती. ज्ञानाचा अधिकार एका बाजूला, हाकेचा अधिकार दुसऱ्या बाजूला. भावकविता हाकेच्या बाजूची आहे.

या दारापासून सुमारे साडेसहाशे वर्षांनी आणखी एक बंद दार लिहिलं गेलं, आणि तेही मराठी घरातल्याच माणसानं; पण हिंदीत. चौबे कॉलोनीजवळून जाणारा जी. ई. रोड पश्चिमेला धरला की सुमारे ७० किलोमीटरवर राजनांदगाव लागतं. संस्थानिकांचा जुना राजवाडा तिथे दिग्विजय कॉलेज झाला. दोन्ही अंगांना तलाव. गजानन माधव मुक्तिबोध १९५८ साली तिथे हिंदीचे प्राध्यापक म्हणून आले. जन्म १३ नोव्हेंबर १९१७, ग्वाल्हेर संस्थानातल्या श्योपूरचा. वडील पोलिसात. त्यांचे धाकटे बंधू शरच्चंद्र मुक्तिबोध मराठीत लिहिते झाले, ‘नवी मळवाट’ आणि ‘यात्रिक’चे कवी, त्यांच्या ‘सृष्टी, सौंदर्य आणि साहित्यमूल्य’ या समीक्षाग्रंथाला १९७९ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. एका घरातून दोन भाषांना दोन कवी मिळाले. थोरल्याच्या वाट्याला मात्र अस्थिरता आली: शाळामास्तरकी, नागपूरला आकाशवाणी, मग ‘नया खून’ हे साप्ताहिक, कायमची ओढाताण, सारखी बदलणारी गावं. राजनांदगावला जरा बूड टेकलं तोच १९६२ साली त्यांच्या इतिहासाच्या क्रमिक पुस्तकावर मध्य प्रदेश सरकारनं बंदी घातली. १९६४च्या फेब्रुवारीत पक्षाघात झाला आणि त्याच वर्षी ११ सप्टेंबरला दिल्लीत, सत्तेचाळीस पुरी होण्याआधी, ते गेले. ‘चाँद का मुँह टेढ़ा है’ हा त्यांचा पहिला कवितासंग्रह निघाला, तेव्हा तो हातात घ्यायला ते नव्हते.

त्या संग्रहातल्या ‘अंधेरे में’ या दीर्घ कवितेची सुरुवात घरातच होते. अंधाऱ्या खोल्यांतून कुणीतरी सारखं फिरतं आहे. दिसत नाही, पण पावलं ऐकू येतात. मग दाराची कडी वाजते. कवितेतला ‘मी’ उठत नाही. बाहेर कोण आहे हे त्याला ठाऊक आहे: तो स्वतःच, जसा व्हायला हवा होता तसा. म्हणून तर भीती. आपल्या दुबळेपणाची आपल्याला गोडी लागली आहे, हेही तो कबूल करतो. या कबुलीशी मला दर वेळी थांबावं लागतं. भित्रेपणाची कबुली पुष्कळांनी दिली असेल. भित्रेपणा आवडतो याची कबुली विरळा. शेवटी तो कसाबसा उठतो, कडी काढतो. बाहेर कुणी नसतं. रात्रीचा एक पक्षी त्याला सांगतो की तो गेला, आता तुझ्या दाराशी यायचा नाही. गावात, शहरात निघून गेला आहे, तिथे जाऊन शोध.

मुक्ताबाईच्या दारात आणि या दारात फरक आहे तो असा. तिथे हाक मारणारी थांबली. इथे उघडायला उशीर झाला आणि ज्यानं हाक मारली तो निघून गेला. म्हणून मुक्तिबोधांच्या कवितेत कडी काढून भागत नाही. त्या माणसाला बाहेर पडावं लागतं. पुढे सगळं शहर येतं: रात्रीच्या मिरवणुकीत सामील झालेले प्रतिष्ठित लोक, कवी आणि समीक्षकसुद्धा, टिळकांचा दगडी पुतळा आणि त्याच्या नाकातून ठिबकणारं रक्त, गांधी, आणि त्यांनी ‘मी’च्या हवाली केलेलं एक मूल. ‘एकट्याच्या भावना’ म्हणून सुरू झालेली कविता रस्त्यावर येते आणि तरीही ती पहिल्या पुरुषातच राहते, भ्यालेल्या, धडधडत्या ‘मी’च्या आवाजात. दीर्घ असली तरी मी तिला भावकविताच म्हणतो, ती या आवाजामुळे.

आता एक आक्षेप. दुःख सांगणं हेच जर बळ, तर चाळीच्या जिन्यात तासभर चालणारं गाऱ्हाणं कविता का नाही? याचं उत्तर मुक्तिबोधांनीच देऊन ठेवलं आहे. ‘एक साहित्यिक की डायरी’त त्यांनी कलेचे तीन क्षण मांडले. पहिला क्षण तीव्र अनुभवाचा. दुसऱ्या क्षणी तो अनुभव आपल्या दुखऱ्या मुळांपासून सुटतो आणि एखादं दृश्य डोळ्यांसमोर उभं राहावं तसा वेगळा होऊन उभा राहतो. तिसऱ्या क्षणी त्याला शब्द मिळू लागतात. शब्द मिळता मिळता तो पुन्हा बदलत जातो. गाऱ्हाणं पहिल्या क्षणातच घुटमळतं. तिथे माणूस आणि त्याचं दुःख यांच्यात बोट शिरेल एवढीही फट नसते. दुसऱ्या क्षणापर्यंत पोचायचं तर जे सर्वांत जास्त दुखतं त्याच्याकडे बाजूला उभं राहून पाहावं लागतं आणि तरीही ते आपलंच आहे हे नाकारायचं नसतं. मला तरी आतल्या बळाची याहून नेमकी व्याख्या माहीत नाही. हा सिद्धान्त सौंदर्यशास्त्राचा म्हणून शिकवला जातो. मी तो धैर्याचा म्हणून वाचतो.

त्यांच्याच ‘ब्रह्मराक्षस’ या कवितेत या दुसऱ्या क्षणाशी अडकलेला माणूस आहे. शहराबाहेरची पडकी बावडी, खोल उतरत जाणाऱ्या पायऱ्या, आणि तळाच्या पाण्यात एका विद्वानाचं भूत. ते सारखं अंग घासतं आहे. आपल्यावरचा मळ निघत नाही म्हणून आणखी घासतं, मंत्र पुटपुटतं, शिव्या देतं, स्वतःच्या बुद्धीवर खूश होतं आणि पुन्हा घासू लागतं. मोठ्या कुवतीचा माणूस, पण स्वतःच्या शुद्धतेच्या हिशेबात जिरून गेलेला. त्याची टर उडवणं सोपं होतं. मुक्तिबोध शेवटी काय म्हणतात? आपल्याला याचा शिष्य व्हायचं आहे, भरल्या काळजानं याचं अपुरं काम पुढे न्यायचं आहे. दुबळेपणाला दिलेलं इतकं प्रौढ उत्तर मी फार थोड्या कवितांत पाहिलं आहे. ना कीव, ना खांद्यावर थाप. ज्यात माणूस मोडला ते काम आपण हातात घ्यायचं. सप्रे आणि ‘गीतारहस्य’ इथे पुन्हा आठवतात.

दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे. या सगळ्यानं मुक्तिबोधांचं काय भलं झालं? शरीर गेलं, हयातीत संग्रह निघाला नाही, सरकारनं पुस्तक मोडीत काढलं. कवितेनं त्यांना तारलं असं म्हणण्याची सोय नाही. खरं आहे. आणि म्हणूनच ‘कविता तुम्हाला कणखर बनवते’ छापाची विधानं मला खोटी वाटतात. कविता औषध नव्हे. तिचा गुण येईलच याची हमी नाही. बालकवी वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी भादलीजवळ रेल्वेखाली गेले. ज्यांनी निसर्गातला आनंद मराठीला शिकवला त्यांच्याच कवितेत उदासीची खोल विहीर आहे, आणि ती विहीर आनंदाच्या कवितांनी बुजली नाही. आतलं बळ म्हणजे तगून जाण्याची खात्री नव्हे, एवढं एकदा मान्य केलं की प्रश्न सुटसुटीत होतो. संकटात असताना माणूस स्वतःशी खोटं बोलला की नाही, एवढंच कवितेत तपासता येतं. मुक्तिबोध वर्षानुवर्षं त्याच त्या कविता पुन्हा पुन्हा लिहीत राहिले, कारण सोयीचा शेवट त्यांना पटत नव्हता. ते बळ त्यांना किती पुरलं, हे आपण सांगू शकत नाही. वाचणाऱ्यांना साठ वर्षं पुरतं आहे.

इंदिरा संतांचं उदाहरण याच्या दुसऱ्या टोकाचं. पती ना. मा. संत यांच्याबरोबर ‘सहवास’ हा संयुक्त संग्रह काढलेल्या या कवयित्रीला १९४६ साली वैधव्य आलं. बेळगावात राहून त्यांनी शिक्षकी केली, मुलं वाढवली. त्यांतले एक पुढे ‘वनवास’चे लेखक प्रकाश नारायण संत. म्हणजे व्यवहारात ज्याला आपण खंबीर म्हणतो ते सगळं त्यांनी केलं. पण ‘शेला’ (१९५१), ‘मेंदी’ (१९५५), ‘मृगजळ’ (१९५७) यांतली कविता त्या खंबीरपणाबद्दल चकार शब्द बोलत नाही. ती गेलेल्या माणसाशी बोलते; पाऊस, संध्याकाळ, घरातली भांडीकुंडी यांच्या आडून बोलते; आणि सावरल्याचं नाटक करत नाही. ‘त्याच त्या दुःखाभोवती घिरट्या’ हा या कवितेवरचा नेहमीचा आरोप. मला उलट वाटतं. दुःख सरलं असं जाहीर करणं सर्वांच्या सोयीचं असताना, ते सरलेलं नाही हे तितक्याच संयमानं, आवाज न चढवता पुन्हा पुन्हा नोंदवत राहणं, यात जिद्द आहे. दिवसा वर्ग घेणारी बाई आणि रात्री तुटलेली बाई या दोन व्यक्ती नव्हत्या. कवितेनं त्यांना एकमेकींपासून तोडलं नाही, एवढं तिचं काम.

तिसरा आक्षेप मात्र माझ्या मांडणीलाच धक्का देतो. दार, कडी, आतली खोली या गोष्टी असतात कुणाकडे? दुबळेपण लपवायचं की दाखवायचं हे ठरवण्याची मुभा असते कुणाला? नारायण सुर्वे रस्त्यावर सापडलेलं मूल. ‘ऐसा गा मी ब्रह्म’ (१९६२) मधल्या माणसाचं घर म्हणजे गिरणगावचा रस्ता. नामदेव ढसाळांच्या ‘गोलपीठा’तल्या (१९७२) माणसांचं उघडेपण त्यांनी निवडलेलं नाही, ते त्यांच्यावर लादलेलं आहे, त्यांनी आणखी मन मोकळं करावं असं सांगणं ही क्रूर थट्टा ठरेल. त्यांची कविता ओरडते, शिवी देते, कारण हळू बोललेलं ऐकायला कुणी बसलेलं नाही.

आणि या दोघांच्याही आधी, शेकडो वर्षं, बायका होत्या. जात्यावरची ओवी पहाटे म्हटली जाई, घर झोपेत असताना. दोघी समोरासमोर, एका खुंट्याला दोन हात, एकीची ओळ दुसरीनं उचलायची. सासरचा जाच, भावानं न घेतलेली दखल, मेलेलं लेकरू, सगळं त्यात येई. आणि बोलणं पुष्कळदा जात्यालाच उद्देशून असे, त्याला देव किंवा बाप मानून. गी पॉइटविन आणि हेमा राईरकर यांनी खेडोपाडी फिरून या ओव्या जमवल्या. संख्या एक लाखाच्या वर गेली. पिठाच्या गिरण्या आल्या आणि गाणी थांबली. या बायकांना लावून घ्यायला दार नव्हतं आणि हाक मारणारी मुक्ताई बाहेर उभी नव्हती. त्यांनी ऐकणारा तयार केला, दगडाचा. दळणाच्या फेऱ्यानं माप दिलं, खुंट्यानं ताल दिला. नेमकं, मापात आणि उद्देशून, या तिन्ही अटी इथे जितक्या कडक पाळल्या गेल्या तितक्या छापील कवितेत क्वचितच.

चौबे कॉलोनीतल्या मराठी माणसाला हे समजून घ्यायला लांब जावं लागत नाही. दिवाळीच्या आधीच्या दिवसांत छत्तीसगढी बायकांची सुआ नाचणारी टोळी फाटकाशी येते. बांबूच्या टोपलीत धान, त्यावर मातीचे पोपट. टोपली मध्ये ठेवायची, भोवती गोल करायचा, कमरेत वाकून टाळ्यांवर ठेका धरायचा आणि गायचं. ढोलक नाही, पेटी नाही. गाणं पोपटाला सांगितलेलं असतं. त्यातल्या एका फार गायल्या जाणाऱ्या गाण्यात बाई पोपटाला सांगते की पुन्हा बाईचा जन्म नको. गाणं संपलं की घरातून तांदूळ किंवा पैसे दिले जातात आणि टोळी पुढच्या फाटकाकडे जाते. आपण ते ‘लोकनृत्य’ म्हणून पाहतो. कुणी मोबाइलवर व्हिडिओ काढतं. त्या टाळ्यांखाली काय सांगितलं जातंय, हे ऐकायला थांबणारे थोडे. ज्यांच्या आज्या जात्याशी बोलल्या त्यांच्याच दारात ही बाई पोपटाशी बोलते आहे, आणि तिची भाषा तर इतकी जवळची आहे की दुभाष्याचीही गरज नाही.

म्हणून मला वाटतं, बळ कवीच्या छातीत शोधण्याची सवय आपण सोडावी. ते कवी आणि ऐकणारा यांच्या मधल्या जागेत असतं. सर घरी नसते तर ‘कणा’तला माणूस कुठे गेला असता? मुक्ताबाई गप्प राहिली असती तर ताटी किती दिवस लागलेली राहिली असती? आपल्या स्पर्धांत मुलांना ‘जोशपूर्ण’ कविता म्हणायला लावतात. करुणाष्टक म्हणणाऱ्या मुलाला बक्षीस मिळाल्याचं ऐकिवात नाही. भिलाई-रायपूरच्या कोचिंग क्लासमध्ये दिवसाचे बारा तास घालवणाऱ्या पोराला कण्याची ओळ पाठ असते, पण मला जमत नाहीये हे घरात कोणत्या शब्दांत सांगायचं ते शिकवलेलं नसतं. भावकविता नेमकं तेच शिकवू शकते, आपण तिच्याकडून घोषणा वसूल करणं थांबवलं तर. एका संध्याकाळी करुणाष्टक, ‘ब्रह्मराक्षस’ आणि सुआगीत असं एकत्र ऐकणं रायपूरला जितकं सहज शक्य आहे तितकं पुण्या-मुंबईला नाही. तिन्ही भाषा इथे एकाच गल्लीत राहतात. तशा बैठकीत टाळ्या कमी पडतील, हरकत नाही.

पण त्याआधी एक जबाबदारी मान्य करावी लागेल. कवितेनं आपल्याला बळ द्यावं असा हक्क आपण सांगतो. ज्यांनी ती रचली त्यांना आपण काय दिलं? बाईला आपलं दुःख जात्याला आणि पोपटाला सांगावं लागलं, कारण घरातल्या माणसांनी ते ऐकलं नाही. दगड आणि पाखरू यांच्याशी बोलूनही तिनं ओळ मोडू दिली नाही, हे तिचं बळ. ते कौतुकानं मिरवण्याचा अधिकार ऐकून घेणाऱ्यांनाच आहे.